झाडाचा हंगाम आणि माणसाची रजा

धर्मगुरूला कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल याचा नेम नसतो. विवाहातील अडचणी, कर्जाचे कागद, मुलाचा अकरावीचा प्रवेश, भावाभावांतील बांधाचे भांडण हे तर नेहमीचेच. परंतु घनसावंगी तालुक्यातील आमच्या विखुरलेल्या कुटुंबांना भेटी देताना अलीकडे एक नवाच प्रश्न कानी येतो : "फादर, ॲव्होकाडो कधी लावावा?" हा प्रश्न मला का विचारावा, तर मी सेमिनरीत शिकलो, दक्षिणेत फिरलो, इंग्रजी पुस्तके वाचतो, म्हणून. शिवाय कूर्गचा माझा एक सहाध्यायी सुट्टीवरून परत येताना कॉफीच्या मळ्यातली ही हिरवी फळे पिशवीभर आणीत असे. तो त्यांना बटर फ्रूट म्हणे आणि साखर घालून खायला देई. तेव्हा त्या फळाला पुण्यात कोणी विचारीत नव्हते. आज पुण्याच्या दुकानांत एकेक फळ शंभर रुपयांच्या पुढे विकले जाते आणि त्या भावाची वार्ता गोदाकाठापर्यंत पोहोचली आहे.

घनसावंगी हा मोसंबीचा मुलूख. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात. दक्षिणेकडून गोदावरी वाहते, पैठणच्या धरणाचा डावा कालवा या भागातून जातो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. इथल्या शेतकऱ्याला झाडाशी वेळेचा व्यवहार कसा करावा हे कोणी शिकवावे लागत नाही. आंबे बहर धरायचा की मृग बहर, त्यासाठी पाणी कधी तोडायचे, झाडाला किती दिवसांचा ताण द्यायचा, ताण कोणत्या पाण्याने मोडायचा, हे त्याला पाठ असते. पाणी तोडून झाडाला थांबवायचे आणि मग पाणी देऊन त्याला फुलायला लावायचे, ही विद्या मला नेहमीच थक्क करीत आली आहे.

तथापि हीच माणसे नव्या झाडापुढे गांगरतात, आणि त्याला कारण आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना, अंबड, घनसावंगी या पट्ट्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांना परवडले त्यांनी टँकरने पाणी विकत घेऊन झाडे जगवली. ज्यांना परवडले नाही त्यांच्या बागांचे सरपण झाले. दहा-बारा वर्षे लेकरासारखे वाढवलेले झाड कुऱ्हाडीने तोडताना घरातील बायका दाराआड जाऊन बसत. आपल्या समाजाच्या वाट्याला जमीन मुळातच थोडी. त्या थोडक्या जमिनीवर एकदा मार बसला की पुढचा निर्णय भीतीने किंवा घाईने घेतला जातो.

असाच एक निर्णय माझ्यासमोर घडत होता. एका विधवा बाईंची सव्वा एकराची मोसंबीची बाग आहे. दीडशे झाडांपैकी निम्मी त्या दुष्काळात गेली. उरलेली त्यांनी घरच्या वापरातले सांडपाणी आणि टँकरच्या वाट्यातली एकेक कळशी घालून राखली. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कामाला. २०२२ च्या नाताळात तो दहा दिवसांच्या रजेवर आला तो साठ कलमे गाडीत घालूनच. बेत असा की मोसंबी काढून टाकायची आणि सबंध रानात ॲव्होकाडो लावायचा. रोपवाटिकेवाल्याने त्याला सांगितले होते, "हे थंड हवेचे झाड आहे, थंडीतच लावा." नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा अंगणात करंज्यांचे ताट आणि कुदळ दोन्ही बाहेर काढलेली होती. बाई म्हणाल्या, "फादर, हा म्हनतो रजा पुन्हा मिळायची नाही. आता झाडानं काय ह्याच्या रजेवर यायचं का?"

मुलगा उद्धट नव्हता. त्याचे गणित साफ होते. मोसंबीचा भाव पडतो, फळगळ होते, पाणी मिळत नाही. आईचे गुडघे थकले आहेत. तो स्वतः वर्षातून दोनदाच येतो. त्याला जे करायचे ते या दहा दिवसांतच करायचे होते. आपल्या किती कुटुंबांत आज असेच चालले आहे! शेत गावात आणि शेतकरी कारखान्यात. मग घराचे बांधकाम, मुलीची सोयरीक, विहिरीचा गाळ, सगळे नाताळच्या आठवड्यात. पण घर बांधणे आणि झाड लावणे यांत एक फरक आहे. विटेला ऋतू नसतो.

"थंड हवेचे झाड थंडीत लावा" हे वाक्य ऐकायला ठीक वाटते. ते कोठे चुकते हे पाहण्यासाठी जेथे खरोखर कडक थंडी पडते तेथील लोक काय करतात हे पाहावे. आपल्या मराठवाड्यात श्रद्धेचे बी पेरणारे फ्रान्सिस डी सेल्सच्या संघाचे मिशनरी ॲनसी गावच्या मठातून आले. घोगरगावचे केंद्र त्यांनी १८९२ साली सुरू केले. त्यांचा सॅव्हॉय प्रांत आल्प्सच्या कुशीत आहे. त्या भागात आणि पुढे जर्मनी-पोलंडपर्यंत खेड्यापाड्यांत एक रूढी आहे. मे महिन्याच्या ११ तारखेपासून संत मामेर्तूस, संत पांक्राशियस, संत सर्व्हाशियस आणि संत बोनिफास यांचे सण एकामागून एक येतात. काही ठिकाणी १५ तारखेच्या संत सोफियालाही त्यांत धरतात. या संतांना तेथील शेतकरी 'बर्फाचे संत' म्हणतात. वसंत कितीही फुलला, ऊन कितीही पडले, तरी हे संत पुढे गेल्याशिवाय कोवळे रोप उघड्यावर लावायचे नाही. कारण मेच्या मध्यापर्यंत एखादी रात्र अशी येते की पहाटे गवतावर हिमकण दिसतात आणि सकाळी रोपांची पाने उकडल्यासारखी काळी पडतात.

यातील मामेर्तूस हे पाचव्या शतकात व्हिएन्न येथील बिशप होते. हे गाव सॅव्हॉयपासून फार दूर नाही. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस उपवास आणि प्रार्थना करीत मिरवणुकीने फिरण्याची प्रथा त्यांनीच सुरू केली. पुढे ती पिकांसाठी आणि शेतांच्या आशीर्वादासाठी सबंध ख्रिस्तसभेत पसरली. असो. सांगण्यासारखी गंमत निराळीच आहे. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी पंचांग सुधारले तेव्हा त्यातून दहा दिवस गाळले गेले. संतांचे सण आपापल्या तारखांना राहिले. परंतु थंडीने काही पोपमहाशयांचा हुकूमनामा वाचला नव्हता. ती पूर्वीच्याच जागी राहिली. म्हणून शहाणा शेतकरी तारीख पाळतो आणि शिवाय आकाशही पाहतो. आपल्याकडे मृग ७-८ जूनला निघाला तरी पेरणीला हात घालण्यापूर्वी ओल किती खोल गेली हे बोटाने पाहतातच ना?

तेव्हा कडक थंडीच्या देशांतला नियम असा आहे की झाड हिवाळ्यात नव्हे, तर हिवाळा सरल्यावर लावायचे. सिसिलीत एटना पर्वताच्या पायथ्याशी आणि स्पेनच्या मालागा किनाऱ्यावर आज ॲव्होकाडोच्या बागा आहेत. कोवळ्या कलमाला तेथे वसंतात जमिनीत घालण्याचे कारण हे की, पुढचा हिवाळा येईपर्यंत मुळांना सबंध उबदार हंगाम मिळावा. या नियमाचा गाभा तारखेत नाही. झाडाला छळणारा जो ऋतू असेल तो येण्यापूर्वी मुळांना जास्तीत जास्त महिने मिळावेत, एवढेच त्याचे म्हणणे.

हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे. दालचिनी, तमालपत्र आणि कापूर यांच्या कुळातले. पान चुरगाळले तर काही जातींत बडीशेपेसारखा वास येतो. त्याच्या तीन जातकुळी आहेत. मेक्सिकोच्या उंच डोंगरातील कुळी सर्वांत काटक, ग्वातेमालाची मध्यम आणि वेस्ट इंडीज या नावाने ओळखली जाणारी सखल प्रदेशातली सर्वांत नाजूक. मेक्सिकन कुळीचे जून झाड शून्याखाली चार-पाच अंशांची एखादी रात्र सोसते. सखल भागातली जात शून्याच्या आसपासच मान टाकते. कोवळे रोप मात्र कोणत्याही कुळीचे असो, त्याला हा जोर नसतो. १९११ साली मेक्सिकोतील आत्लिश्को गावच्या एका झाडाचे डोळे कॅलिफोर्नियात नेऊन कलमे बांधली गेली. १९१३ च्या जानेवारीत तेथे असा गारठा पडला की बाकीची ॲव्होकाडोची झाडे होरपळली आणि ही टिकली. तेव्हापासून त्या जातीला 'फुएर्ते' म्हणजे 'बळकट' हे नाव पडले. आज जगभर विकली जाणारी काळपट सालीची 'हास' जात ही रुडॉल्फ हास नावाच्या एका पोस्टमनने कॅलिफोर्नियात लावलेल्या बियाणाच्या रोपातून निघाली. १९३५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. म्हणजे 'ॲव्होकाडो लावला' असे म्हणून भागत नाही. कोणत्या कुळीचा, कोणत्या खुंटावर बांधलेला, हे आधी विचारावे लागते. त्या मुलाच्या साठ कलमांच्या पिशव्यांवर जातीचे नाव नव्हते.

आता घनसावंगीचा हिशेब मांडू. इथे थंडी पडते, नाही असे नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहून खाली जातो. शेजारच्या परभणीत पाच अंशांखालीही उतरल्याच्या नोंदी आहेत. परंतु झाड गोठवणारा बर्फाळ गारठा हा आपला शत्रू नव्हे. आपला शत्रू एप्रिल-मे. बेचाळीस अंशांचे ऊन, उत्तरेचा भाजणारा वारा, तळ गाठलेली विहीर. ॲव्होकाडोची मुळे उथळ असतात आणि त्यांना इतर झाडांसारखे बारीक मूळकेस नसतात. म्हणून पाणी ओढून घेण्याचे त्याचे बळ कमी. डिसेंबरात लावलेले कलम थंडीमुळे वाढ आखडून बसते. फेब्रुवारीत ते जरा हलू लागते तोच ऊन चढते. पुरते सहा महिनेही न मिळता त्याची कसोटी लागते. मृगात किंवा आर्द्रात, जमीन चांगली भिजल्यावर लावलेल्या कलमाला मात्र पुढचा मे येईपर्यंत दहा महिने मिळतात. वाटेत हिवाळा येतो. पण तो आपल्याकडे पोत्याच्या आडोशाने भागतो. संध्याकाळी हलके पाणी द्यावे, कारण ओली जमीन रात्री ऊब धरून ठेवते. वायव्येकडून पाचटाचा किंवा गोणपाटाचा आडोसा करावा, पूर्वेची बाजू सकाळच्या उन्हाला मोकळी ठेवावी. फारच कडाका असेल त्या पहाटे बांधाला ओल्या काडीकचऱ्याचा धूर करावा. हे आपल्या लोकांना केळीच्या आणि पपईच्या अनुभवातून ठाऊकच आहे.

मग पाऊसच उत्तम का? तर तेथेही एक खोच आहे. या झाडाला पाणी हवे, पण पायाशी साचलेले पाणी त्याला चालत नाही. फायटोप्थोरा नावाची बुरशी मुळे कुजवते. मोसंबीचा डिंक्या रोग ज्या बुरशीने होतो तिचीच ही भावंड. म्हणून डिंक्याने मेलेल्या मोसंबीच्या खड्ड्यात ॲव्होकाडो लावणे हा शहाणपणा नव्हे. गोदाकाठची भारी काळी जमीन कापसाला, उसाला सोन्यासारखी; या झाडाला ती नको. चुनखडीची, चोपण, तीही नको. बोअरचे खारट पाणी दिले की पानांची टोके करपतात. जमीन कशी आहे ते पाहण्याची एक साधी रीत मी सर्वांना सांगतो : दोन फूट खोल खड्डा घ्यावा, पाण्याने भरावा, सकाळी येऊन पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर तेथे ॲव्होकाडोचे नाव काढू नये. मुरूम मिसळलेली, उताराची जागा असेल तर तेथेही दीड-दोन फूट उंचीचा रुंद वरंबा करून त्यावर कलम बसवावे आणि कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्यावा. खोडाला उन्हाचा चटका बसून साल फाटते म्हणून चुना लावावा. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे. पहिल्या उन्हाळ्यासाठी पश्चिमेकडे शेवरीची ओळ आधीच लावून ठेवावी. पानमळेवाल्यांनी पिढ्यान्पिढ्या तिच्याच सावलीत नाजूक वेली जोपासल्या आहेत.

हे सर्व त्या दिवशी अंगणात बसून मी मुलाला सांगितले. तो ऐकत होता, पण त्याची नजर कुदळीवर होती. अखेर मायलेकरांत तोडगा निघाला, आणि तो काढला बाईंनी. जी मोसंबी जिवंत आहे तिला हात लावायचा नाही. जेथे झाडे मेली होती त्यांपैकी डिंक्याच्या नव्हे, दुष्काळाने मेलेल्या जागा तेवढ्या त्याच्या. त्याचा हट्ट म्हणून चोवीस कलमे त्याने त्याच आठवड्यात लावावीत. उरलेली छत्तीस त्या पिशव्यांतच राखतील. पवित्र शास्त्रातील अंजिराच्या झाडाच्या दाखल्यात माळी धन्याकडे एका वर्षाची मुदत मागतो, आळे खणून खत घालीन म्हणतो. इथे ती मुदत आईने मागितली, तीही जुन्या आणि नव्या दोन्ही झाडांसाठी. छत्तीस पिशव्या घरामागच्या आंब्याच्या सावलीत गेल्या. उन्हाळ्यात भांडी विसळलेले पाणी त्यांना मिळत होते.

पुढे काय झाले ते सांगणे भाग आहे, कारण अशा लेखांत यशाच्या गोष्टी फार छापल्या जातात. डिसेंबरात लावलेल्या चोवीसपैकी जूनमध्ये तीन जिवंत होती. २०२३ चा मृग कोरडा गेला. पाऊस जूनच्या अखेरीस आला. जुलैत मुलाला रजा नव्हती. बाईंनी दोन शेजारणींना रोजाने लावून आणि आमच्या युवक संघाच्या चार मुलांना रविवारच्या मिस्सानंतर हाताशी घेऊन छत्तीस कलमे वरंब्यावर लावली. सबंध ऑगस्टात पाऊस फिरकला नाही. पुढचा, २०२४ चा उन्हाळा जालना जिल्ह्यात टँकरचाच गेला. शेवरीची सावली होती आणि पाचटही होते. त्यातून एकोणतीस झाडे पार पडली. त्यानंतर सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यावर आभाळ फाटले. रानाच्या खालच्या अंगाला, जेथे वरंबा बुटका राहिला होता, तेथे तीन दिवस पाणी तुंबले आणि महिन्याभरात आठ झाडे पिवळी पडून गेली. उरली एकवीस आणि डिसेंबरातली ती तीन. ही तीन अजून गुडघ्याएवढीच आहेत. जुलैतल्यांनी माणसाची उंची गाठली आहे.

एकवीस झाडांनी कर्ज फिटत नाही. मुलाने मोसंबी काढून सव्वा एकर लावला असता तर काय झाले असते याचा हिशेब त्याने स्वतःच एकदा मला बोलून दाखवला. मी त्यात भर घातली नाही. मोसंबीची राखलेली झाडे या घराचा किराणा आणि नातीची फी अजून भागवीत आहेत. माझे मत विचाराल तर आपल्या लहान शेतकऱ्याने या फळाकडे बांधावरच्या चार-पाच झाडांपासून सुरुवात करावी. आपल्या उन्हात कोणती जात टिकते, तिला फळ कसे धरते, हे आपल्याच रानात पाहावे आणि मगच कर्जाचा विचार करावा. कूर्गमधील चेट्टळ्ळीच्या केंद्रात बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या फळावर बरेच काम केले आहे. आपल्याजवळ खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. कलमे गाडीत घालण्यापूर्वी तेथे एक चक्कर मारायला बसभाड्याखेरीज काही लागत नाही. या झाडाचे फूल पहिल्यांदा उमलते तेव्हा स्त्री असते, मिटते आणि दुसऱ्यांदा उमलते तेव्हा पुरुष असते. काही जातींत हे सकाळी, तर काहींत दुपारी. म्हणून दोन प्रकारच्या जाती जवळ असल्या तर फळधारणा सुधारते. नावाची चिठ्ठी नसलेल्या कलमांचे यातही नुकसान आहे.

या फेब्रुवारीत जुलैतल्या तीन झाडांना पोपटी मोहोर आला. टिकला नाही, गळाला. बाई म्हणाल्या, पहिल्या वेतातली गाय तरी कुठे धड दूध देते? मुलाने कारखान्यात अर्ज देऊन नाताळच्या रजेतले चार दिवस जुलैकडे वळवून घेतले आहेत. मेलेल्या आठ झाडांच्या जागी या वेळी वरंबा गुडघाभर उंच करायचा आहे, आणि नवी कलमे त्याने अजून घेतलेली नाहीत. आधी जातीचे नाव लिहून द्या, असे तो रोपवाटिकेत सांगून आला आहे.